शहराबाहेर सायकल आणि घोड्यांसाठी एकच वाट : आखणी कशी करायची

शहराच्या कडेला थोडी टेकडी, थोडं रान, एखादा बंद पडलेला रेल्वेमार्ग किंवा कालव्याचा बांध असला की कुणीतरी म्हणतंच, इथं सायकलची छान वाट होईल. जवळपास तबेला असेल तर घोडेस्वारही तेच म्हणत असतात. मग दोन्ही मंडळी एकाच कार्यालयात दोन वेगळे अर्ज देतात आणि दोन्ही अर्ज पडून राहतात. एकत्र येऊन एकच आराखडा नेला तर काम हलतं. पण तो आराखडा धड असावा लागतो. या कामात पडल्यावर नवखी मंडळी कुठे अडखळतात ते मी बरंच पाहिलं आहे. त्यांचा वेळ आणि भांडणं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाट आखायची ती पाण्यासाठी आणि घोड्यासाठी. पाण्याला तुमचा नकाशा कळत नाही आणि घोड्याला तुमची पाटी वाचता येत नाही. सायकलस्वाराला दोन्ही कळतं, निदान कळायला हवं. त्यामुळे पहिल्या दोघांना जमेल अशी वाट झाली की सायकलचं तिथं सहज निभावतं. उलट क्रमानं गेलात, म्हणजे आधी सायकलची वाट केली आणि मग घोड्यांना ‘सामावून घेतलं’, तर अर्धं काम उकरून पुन्हा करावं लागतं.

१. कोण येणार आणि कुठून, ते आधी बघा

सायकलस्वार बहुतेक घरून सायकल चालवतच येतात. घोडे शहराच्या मध्यातून येत नाहीत. ते जवळच्या तबेल्यातून चालत येतात, नाहीतर ट्रेलरमधून. म्हणजे वाटेला दोन तोंडं लागतात: एक शहराच्या बाजूला, दुसरं तबेल्यांच्या बाजूला किंवा ट्रेलर उभा करता येईल अशा ठिकाणी. एकच मोठं प्रवेशद्वार करून सगळ्यांना तिथं गोळा करण्याचा मोह आवरा. सकाळच्या गर्दीत सायकली, कुत्री, मुलं आणि ट्रेलरमधून नुकता उतरलेला, कान टवकारलेला घोडा एका अंगणात नको.

अंतराचा हिशेबही वेगळा असतो. घोडा साध्या चालीनं ताशी सहा-सात किलोमीटर जातो आणि दुडक्या चालीनं बारा-तेरा. दोन तासांच्या फेरीत बारा-पंधरा किलोमीटर भरपूर झाले. त्याच वेळात सायकल कच्च्या वाटेवर सहज पंचवीस किलोमीटर काढते. म्हणून एकच लांब रेघ न ओढता एकमेकींना जोडलेली छोटी-मोठी वर्तुळं आखा. घोडेस्वार एक वर्तुळ करून परततील, सायकलवाले तीन जोडून घेतील.

लोक आधीच जिथून जातात त्या पायवाटाही पायी फिरून नोंदवा. त्या बऱ्याचदा चुकीच्या उतारावर असतात, पण लोकांना कुठे पोचायचं आहे हे त्यांच्यावरून नेमकं कळतं.

२. जमीन कोणाची, आणि परवानगी नेमकी कशाची

शहरालगतची एक वाट पाच-सहा मालकांच्या जमिनीतून जाऊ शकते: वनखातं, पाणीपुरवठा, पाटबंधारे, रेल्वे, वीजवाहिनीखालचा पट्टा, खासगी शेतं. मालकांची यादी पूर्ण झाल्याशिवाय रेघ पक्की करू नका. मधला दोनशे मीटरचा एक तुकडा अडला की दोन्ही बाजूंचं काम निरुपयोगी होतं.

इथला सर्वात मोठा सापळा म्हणजे ‘सायकल आणि पादचाऱ्यांसाठी’ मिळालेली परवानगी. तिच्यात घोडा येत नाही. पुढे कुणी तक्रार केली की घोडेस्वार आधी बाहेर पडतात. अर्जात आणि मंजुरीत ‘घोडेस्वार’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये घोड्यांसाठीच्या हक्काच्या वाटांवर १९६८च्या ग्रामीण भागाविषयीच्या कायद्यानं सायकलींना मुभा दिली, पण सायकलस्वारानं पादचारी आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं या अटीवर. आधी घोड्याचा हक्क, मग त्यात सायकलची भर, हा क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यामुळे वाद झाला तर कोणी थांबायचं हे कायद्यातच ठरलेलं राहतं.

तोंडी ‘हो’ वर विसंबू नका. अधिकारी बदलतो, जमीन विकली जाते. लेखी करारात चार गोष्टी हव्यात: वापर कोणाचा, मुदत किती, देखभाल कोण करणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. चौथा मुद्दा मालकाच्या मनात पहिल्या क्रमांकावर असतो. त्यानं विचारण्याआधी तुम्हीच काढा.

३. कागद आणि हत्यारं

कागद:

- मालकीचे उतारे आणि हद्दी दाखवणारा नकाशा
- समोच्च रेषांचा नकाशा (दोन रेषांमधला उंचीचा फरक पाच मीटर किंवा कमी असलेला, वीस मीटरचा असेल तर तो फक्त भिंतीवर लावायला बरा)
- पूररेषा, संरक्षित क्षेत्र, पक्ष्यांच्या विणीच्या जागा
- जमिनीखालच्या नळ आणि तारांचे नकाशे
- मालकांची लेखी संमती, विम्याचा कागद
- तबेले आणि सायकल क्लब यांची पाठिंब्याची पत्रं

हत्यारं: उतार मोजायचा क्लिनोमीटर, मोजपट्टी, दोन रंगांच्या फिती, खुणेच्या काठ्या, जीपीएस असलेला फोन, कोयता, आणि न कंटाळणारा एक जोडीदार. ड्रोनशिवाय चालतं. क्लिनोमीटरशिवाय चालत नाही.

४. नकाशावर रेघ ओढताना

आधी रेघ ओढू नका, ठिपके मांडा. जिथे वाट न्यायचीच अशा जागा एका रंगानं: ओढा ओलांडायची सोयीची जागा, सावली, दूरवर दिसणारा कडा, तबेल्याचं फाटक. जिथे न्यायचीच नाही अशा दुसऱ्या रंगानं: दलदल, मधमाश्यांच्या पेट्या, गोळीबाराचा सरावमाळ, भुसभुशीत कडा, मोठ्या रस्त्याचं वळण. मधमाश्यांची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. बिथरलेल्या माश्यांच्या तडाख्यात पाठीवर माणूस असलेला घोडा सापडला तर दोघांचाही जीव धोक्यात येतो.

आता ठिपके जोडा, पण उताराचा हिशेब ठेवून. दोन नियम पाठ करा. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था हेच शिकवते, आणि ते घोड्यांच्या वाटेलाही तितकेच लागू आहेत.

पहिला: वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत. शंभर मीटर चालल्यावर जास्तीत जास्त दहा मीटर वर. मी सहा ते आठच धरतो. साठ मीटर उंची गाठायची असेल तर आठ टक्क्यांनी साडेसातशे मीटर वाट लागेल. तेवढी जागा नकाशावर नसेल तर टेकडीची दुसरी बाजू बघा.

दुसरा: वाटेचा चढ टेकडीच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून कमी. टेकडी वीस टक्के उतरत असेल तर वाट दहाच्या खाली हवी. निम्म्याच्या वर गेलात की पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेवरूनच वाहू लागतं. दोन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते.

आणि नवख्यांना न पटणारी गोष्ट: सपाट जागा चढाइतकीच वाईट. पाण्याला जायला दिशाच नसते. टापांनी खड्डे पडतात, खड्ड्यात पाणी साचतं, लोक बाजूनं जातात, आणि वर्षभरात दीड मीटरची वाट सहा मीटर रुंद चिखल होऊन बसते. शक्यतो सौम्य बाजूच्या उतारावर राहा. सपाटीतून जावंच लागलं तर वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करा.

५. एकत्र की वेगवेगळी?

सगळी भांडणं इथे होतात, म्हणून इथं जरा थांबूया.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नेमकं पाठीमागे आणि नाकाच्या अगदी समोर दिसत नाही. मागून, आवाज न करता, खाली वाकून वेगानं येणारी वस्तू त्याच्या हिशेबात एकच असते. सायकलवाला ‘मी तर हळूच गेलो’ म्हणतो तेव्हा ‘हळूच’ म्हणजे आवाज न करता, आणि घोडा बुजतो तो त्यामुळेच. चारशे-पाचशे किलोचा प्राणी एका झेपेत आडवा होतो. स्वार पडतो आणि पुढचं वर्षभर बैठकीत तोच विषय चालतो.

मग वेगळ्या वाटा कराव्यात का? जागा आणि पैसा असेल तर थोड्या ठिकाणी जरूर. सगळीकडे मात्र ते शक्य नसतं आणि गरजेचंही नसतं. इंग्लंडमधला पेनाइन ब्राइडलवे हा मार्ग ३३० किलोमीटरचा आहे आणि तो घोडेस्वार, सायकलस्वार आणि पायी चालणारे अशा तिघांसाठीच आहे. घोडवाटांची दुरवस्था लोकांपुढे यावी म्हणून मेरी टाउनली या घोडेस्वार १९८६ साली नॉर्थम्बरलंडपासून डर्बीशरपर्यंत घोड्यावरून गेल्या, आणि त्या मार्गाची मागणी तिथून जोर धरू लागली. त्यांच्या नावाचं ७६ किलोमीटरचं वर्तुळ २००२मध्ये खुलं झालं. एकत्र वापर चालतो की नाही हा प्रश्न तिथे केव्हाच मागे पडला आहे. वळणं, रुंदी आणि दृष्टी सांभाळली की तो चालतो.

दृष्टीचा हिशेब स्वतः करून बघा. उतारावर सायकल ताशी पंचवीसनं, म्हणजे सेकंदाला सात मीटर. समोर घोडा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद, म्हणजे चौदा मीटर गेले. मातीवर पूर्ण थांबायला आणखी आठेक मीटर. तेवढ्यात दुडक्या चालीनं समोरून येणारा घोडाही पंधरा मीटर पुढे आलेला. बेरीज सदतीस. म्हणजे जिथे सायकल वेग घेते तिथे निदान चाळीस मीटर समोरचं दिसायला हवं. दिसत नसेल तर दोनच उपाय: झाडी विरळ करा, किंवा वळणाच्या आधीच सायकलचा वेग उतरवा.

वेग उतरवायला लोक आडव्या कांबी लावतात. त्यात घोडा अडकतो. त्याऐवजी जमिनीचा वापर करा: वळणाच्या आधी दहा-पंधरा मीटरचा छोटा चढ द्या, वाट हलकेच डावी-उजवी फिरवा, दोन मोठ्या दगडांमधून काढा. वाटा जिथे मिळतात तिथे सगळ्या बाजूंनी चढूनच पोचता येईल असं बघा. चढावर कुणी भरधाव येत नाही.

वाट वेगळी करायचीच असेल तर ती लांब, मोकळ्या उतारांवर करा. तिथे सायकलला वेग हवाच असतो आणि पाट्यांनी तो कमी होत नाही. सायकलसाठी तेवढ्या भागात खाली जाणारी एकेरी वाट द्या, घोड्यांना दुसऱ्या बाजूनं न्या. दोन्ही वाटा जिथे पुन्हा जुळतात ती जागा मात्र मैदानासारखी मोकळी हवी.

बंद रेल्वेमार्ग मिळाला तर नशीब समजा. चढ दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जातो, रुंदी भरपूर, वळणं लांबट. अडचणी दोनच: बोगदे आणि पूल. अंधाऱ्या बोगद्यात घोड्याला न्यायचं तर दिवे लागतात आणि पलीकडचं तोंड दिसायला हवं. नाहीतर वरून वळणवाट काढा.

६. मापं

| गोष्ट | किती |
|---|---|
| एकत्र वाटेची रुंदी, गर्दीच्या भागात | ३ ते ४ मीटर |
| रानातली अरुंद वाट | दीड-दोन मीटर, मधूनमधून ओलांडायला रुंद जागा |
| डोक्यावरची मोकळी उंची | निदान ३ मीटर, जमल्यास ३.५ |
| फाटकाची रुंदी | दीड मीटरहून अधिक |
| पुलाचा कठडा | घोड्यांसाठी १.८ मीटर, फक्त सायकलला १.४ |

उंचीची चूक सगळे करतात, कारण फांद्या छाटणारा माणूस जमिनीवर उभा असतो. घोड्यावर बसलेल्याचं डोकं अडीच मीटरच्या आसपास असतं, आणि पावसानं जड झालेली फांदी हातभर खाली येते.

फाटकाची कडी खोगिरावरूनच हाताला यायला हवी. फाटकापुढे घोडा वळवायला निदान चार मीटर मोकळी जागा ठेवा. तिथे काटेरी तार नको. मोटरसायकली रोखायच्या असतील तर गुडघ्याखालची आडवी लाकडं चालतात. घोडा ती ओलांडतो, सायकल उचलून नेता येते. बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी फाटक द्यायला विसरू नका. गुरं अडवणारी लोखंडी जाळी वाटेत असेल तर तिला बगल देणारं फाटक सक्तीचं समजा. घोड्याचा पाय तिच्यात गेला तर मोडतो.

पृष्ठभागाबद्दल: नाल मारलेला घोडा गुळगुळीत डांबरावर घसरतो. सुटी गोल खडी खुरात अडकते आणि सायकलचं चाक तिच्यात रुतते. बारीक खडी आणि दगडाची भुकटी एकत्र दाबून केलेला थर दोघांनाही मानवतो. डांबरी सायकलमार्ग आधीच असेल तर तो उखडू नका, कडेला दोन मीटरची मातीची पट्टी द्या. लाकडी पुलाच्या फळ्या प्रवासाच्या दिशेला आडव्या बसवा, म्हणजे फटीत चाक जात नाही. टापांचा पोकळ आवाज आला की अनेक घोडे पहिल्या पावलालाच थबकतात; फळ्यांवर रबरी चटई ठोकली तर आवाजही जातो आणि घसरणंही. छोट्या ओढ्याला पूल बांधूच नका. बाजूनं दगडी तळाचा उतार द्या, घोडे पाणी पिऊन पुढे जातील.

७. रानात खुणा करणं

नकाशावरची रेघ आता जमिनीवर. दोघं सपाट जागी समोरासमोर उभे राहा. क्लिनोमीटरमध्ये शून्य दाखवत बघितलं की नजर जोडीदाराच्या चेहऱ्यावर कुठे पडते ते लक्षात ठेवा: हनुवटी, नाक, टोपीची कड, काहीही. तो तुमचा बिंदू. मग त्याला पंधरा-वीस मीटर पुढे पाठवा आणि तोच बिंदू सात टक्क्यांवर दिसेपर्यंत टेकडीवर वर-खाली सरकवा. जमला की तिथल्या फांदीला फीत बांधा, तुम्ही त्याच्या जागी जा, तो पुढे. अर्ध्या दिवसात किलोमीटरभर झालं तरी चांगला वेग म्हणायचा. दर दहा-पंधरा मीटरवर वाट थोडी खाली जाऊन पुन्हा चढेल अशी लाट ठेवा. पाणी त्या खळग्यातून बाहेर पडतं.

फिती लागल्या की दोन्ही दिशांनी चाला. मग एक अनुभवी स्वार आणि एक सायकलस्वार यांना सोबत घ्या आणि गप्प राहून त्यांचं ऐका. घोड्यावरून दिसणारं वळण आणि सायकलवरून दिसणारं वळण यांत मीटरभर उंचीचा फरक असतो. जमीनमालकाला या फेरीला बोलवा; कागदावर घाबरवणारी गोष्ट रानात निम्मी होते.

८. खोदकाम

उतारावर वाट पूर्ण रुंदीनं टेकडीत कापून बसवा. निम्मी कापून, निघालेली माती दरीकडे टाकून त्यावर वाट करण्याचा स्वस्त मार्ग सायकलला काही काळ चालतो. घोड्याच्या वजनानं ती कड खचते. पालापाचोळ्याचा आणि मुळांचा काळा थर काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत जा. वाटेला दरीकडे पाच टक्क्यांच्या आसपास आडवा उतार द्या. दीड मीटर रुंदीत सात-आठ सेंटीमीटर, इतकंच. काम झालं की बाटलीभर पाणी मध्यावर ओता. ते दरीकडे गेलं तर ठीक, वाटेनं पळालं तर पुन्हा फावडं.

९. ट्रेलरची जागा

गाडी आणि ट्रेलर मिळून बारा मीटरपर्यंत लांबी होते, शिवाय मागचा उतरता फळा आणि घोडा फिरवायची जागा. मागे न घेता एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघता येईल अशी रचना करा आणि ती गाड्यांपासून वेगळी ठेवा. नाहीतर रविवारी सगळ्या लांब जागांत मोटारी लागलेल्या दिसतील. पाणी, घोडा बांधायचा दांडा आणि चढायला दगडी ओटा एवढं पुरे. लीद स्वारानं परत न्यायची, हे पहिल्या दिवसापासून ठरवा.

१०. पाट्या

कमी आणि मोठ्या. तीन ओळी पुरतात: सायकलनं सगळ्यांना वाट द्यायची, पायी चालणाऱ्यानं घोड्याला, मागून येताना लांबूनच बोला. घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा, कारण घोडा माणसाचा आवाज ओळखतो. उतारावर घोडा भेटला तर सायकल घेऊन दरीच्या बाजूला थांबायचं, कारण घाबरलेला घोडा सहसा वर पळतो. कड निसरडी असेल तर स्वाराला विचारून जागा ठरवायची. ओलांडताना किती अंतर ठेवायचं याला एक तयार माप आहे: ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२पासून मोटारचालकांना घोड्यापासून निदान दोन मीटर आणि ताशी दहा मैलांच्या आत राहायला सांगितलं आहे. सायकलनं त्याहून हळू जावं.

११. उघडल्यानंतरचा पहिला पावसाळा

‘घोडे वाट खराब करतात’ विरुद्ध ‘सायकली खराब करतात’ हा वाद तुमच्याकडेही होईल. माँटानामध्ये केलेल्या आणि १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओल्या वाटांवर टापा आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केल्याचं दिसलं. हे स्वारांच्या तोंडावर फेकायला वापरू नका. वाट ओली असताना कुणीच जायचं नाही, एवढाच त्यातून काढण्यासारखा अर्थ आहे. मी सोपी कसोटी ठेवतो: टापेचा ठसा दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल उमटला की वाट बंद.

पहिल्या जोरदार पावसात रेनकोट घालून स्वतः फिरा. कोरड्या दिवशी दहा पाहण्यांत न दिसणारी चूक तेव्हा वाहताना दिसते. प्रत्येक खळग्याचं तोंड मोकळं आहे ना, पाणी कुठे वाटेवर वीस मीटरपेक्षा जास्त धावतंय का, हे नकाशावर टिपा आणि पाऊस ओसरला की आधी त्याच जागा दुरुस्त करा.

वाट बंद ठेवायची असेल तर निरोप तबेल्यांत आणि सायकल क्लबांत आदल्या संध्याकाळीच पोचला पाहिजे. पहाटे उठून, घोडा ट्रेलरमध्ये चढवून तासभर गाडी चालवत आलेल्या माणसाला फाटकावरची ‘बंद’ ची पाटी दाखवलीत, तर पुढच्या बैठकीत तो तुमच्या बाजूनं बोलणार नाही.